पाटावरचा रेकॉर्डर

टीव्हीचा आकार कर्णाने मोजतात, लांबीने नव्हे, ही गोष्ट कोथरूडच्या सुखनिवास सोसायटीत ज्या एका माणसाला कधीपासूनची ठाऊक होती, नेमका त्याच्याच घरी सगळ्यांत लहान टीव्ही होता. ज्ञानदेव ठवकर शनिवार पेठेतल्या एका शाळेत भूमिती शिकवत. कर्ण, पाया आणि उंची यांच्याशी त्यांचा रोजचा घरोबा. घरचा टीव्ही मात्र असा, की बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या कपाळावर टिकली आहे की पडद्यावर डाग आहे, हे बाई हलल्याशिवाय कळत नसे. ठवकरांचं त्यामुळे काही अडत नव्हतं. बातम्या काय, डागासकटही वाईटच असतात.

मग भाद्रपदात एका संध्याकाळी हिराबाईंनी, म्हणजे ठवकरांच्या पत्नीने, पोळी लाटता लाटता सांगितलं की त्या टीव्हीवर येणार आहेत. आवाज असा, की जणू उद्या गॅसवाला येणार आहे. कुठल्याशा छोट्या मराठी चॅनेलवर ‘चव आपल्या गावची’ नावाचा कार्यक्रम लागतो. त्यांनी पाटोडी-रश्शाची, म्हणजे बेसनाच्या वड्या नि तिखट रश्शाची, कृती पाठवली, चॅनेलने बोलावलं, त्या बसने वारज्याच्या स्टुडिओत जाऊन शूटिंग करून आल्यासुद्धा. त्या दिवशी ठवकरांनी कुठे गेली होतीस म्हणून विचारलं होतं, तर ‘वारज्याला, जरा काम होतं’ एवढंच उत्तर मिळालं होतं. ठवकरांना आधी राग आला, मग अभिमान वाटला, आणि मग परत राग आला, कारण अभिमान वाटायला त्यांना फारच उशिरा सांगितलं होतं.

कार्यक्रम खंडेनवमीला दुपारी चार वाजता, एकदाच लागणार होता. नंतर यूट्यूबवर टाकणार का, असं विचारल्यावर चॅनेलच्या मुलीने ‘बघू’ म्हटलं होतं. पुण्यात ‘बघू’ म्हणजे काय, हे इतकी वर्षं इथे काढल्यावर ठवकरांसारख्या भंडाऱ्याकडच्या माणसालाही कळतं.

“बाबांना दिसायला हवं,” हिराबाई म्हणाल्या. “दिवाळीत येतील तेव्हा. आणि मोठं दिसायला हवं.”

बाबा म्हणजे कोंडीराम, हिराबाईंचे वडील. पवनीला राहत. जन्मभर शिलाई मशीन चालवून एक डोळा कामातून गेलेला, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांच्याकडे बटणांचा फोन, आणि त्यांच्या गावात हे चॅनेल दिसत नव्हतं. लग्न झाल्यापासून हिराबाईंनी स्वतःसाठी काही मागितल्याचं ठवकरांना आठवेना. एकदा खलबत्ता मागितला होता, तोही ठवकरांनी तीन रविवार टाळल्यावर त्या स्वतःच मंडईतून घेऊन आल्या होत्या. या वेळी मात्र ठवकर उठले, पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, की मोठा टीव्ही घेऊ आणि रेकॉर्डरही घेऊ. हिराबाईंनी पोळी उलटली. त्यांना खलबत्ता आठवत असणार.

आता मोठा म्हणजे केवढा? सामान्य माणूस अशा वेळी दुकानात जातो. भूमितीचा शिक्षक आधी भिंतीकडे जातो. ठवकरांनी जुने पेपर चिकटवून हॉलच्या भिंतीवर टीव्हीचे नमुने केले. एक त्रेचाळीस इंचांचा, त्याभोवती पंचावन्नचा, त्याभोवती पासष्टचा. मग समोरच्या सोफ्यावर बसून ते रोज संध्याकाळी अर्धा तास पेपर बघू लागले. कुठून बघितलं म्हणजे मान दुखत नाही, कुठून कडा दिसत नाहीत, याच्या नोंदी सुरू झाल्या. हिराबाईंनी दोन दिवस चहा दिला. तिसऱ्या दिवशी चहा देताना त्यांनी एवढंच विचारलं, की यात आवाज कधी येणार आहे.

घराचं दार उघडं असलं की समोरचं दार आपोआप उघडतं, हा सोसायटीचा अलिखित नियम. समोर सुहासिनीताई राहत; दार समोर असलं, तरी त्यांचं स्वयंपाकघर ठवकरांच्या हॉलच्या भिंतीला लागून होतं. त्या सोसायटीच्या सेक्रेटरी, आणि लिखित नियम त्यांच्याकडे असत. त्या आल्या, भिंतीसमोर उभ्या राहिल्या, चष्मा वर केला आणि पासष्ट इंचाच्या उजव्या कोपऱ्यातल्या निधनवार्ता वाचू लागल्या. सगळ्या वाचून झाल्यावर म्हणाल्या, की त्यांच्या ओळखीचं कोणी गेलेलं नाही, तेव्हा टीव्ही घ्यायला हरकत नाही. पण पासष्ट म्हणजे जरा दिखावाच होतो. ज्या घरात माणसं दोन, तिथे टीव्हीत माणसं किती मोठी असावीत, याला काही प्रमाण हवं की नको?

वरच्या मजल्यावरच्या दिग्विजयचं म्हणणं बरोबर उलटं. हा मुलगा हिंजवडीला आयटीत. घरी केबल नाही, सगळं इंटरनेटवर. काहीही विकत घेण्याआधी तो एवढं वाचतो, की वाचून होईपर्यंत ते मॉडेल बंद झालेलं असतं. “काका, साइझ इज नथिंग. पॅनेल बघा पॅनेल,” असं म्हणून त्याने ठवकरांना सव्वा तास पॅनेल समजावून सांगितलं. शेवटी ठवकरांना एवढंच कळलं, की काळा रंग किती काळा आहे यावर टीव्हीची प्रत ठरते. चांगल्या टीव्हीतला काळा फार काळा असतो म्हणे. या ज्ञानाचा पुढे त्यांना भरपूर उपयोग होणार होता, पण तो असा होईल असं कोणाला वाटलं नव्हतं.

दुकान कर्वे रोडवरचं. तिथे शेफाली नावाची चुणचुणीत मुलगी होती. भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांत एकच पोपट. तिने विचारलं, सर काय बघता. ठवकरांनी ताठ मानेने सांगितलं, की पाटोडी. शेफालीने पोपट थांबवला. मग ठवकरांनी सगळं सांगितलं. सासऱ्यांचा डोळा, खंडेनवमी, कर्ण. अंतर किती, हेही सांगितलं, कारण ते त्यांनी सोफ्यापासून टेपने मोजून आणलं होतं. शेफालीने त्यांच्या मोजमापाचं कौतुक केलं आणि सांगितलं, की नऊ फुटांवरून बघायला पासष्ट अगदी आदर्श आहे. आपण पेपर चिकटवून जे उत्तर काढलं तेच दुकानात निघालं, या आनंदात ठवकरांनी आणखी काही विचारलंच नाही. पायथागोरसलाही घरी गेल्यावर असंच वाटलं असेल.

टीव्ही आला आणि लिफ्टपाशी अडला. लिफ्टच्या दारावर पाटी होती, ‘ही लिफ्ट माणसांसाठी आहे. सामानासाठी जिना आहे. जिना कशासाठी आहे असे विचारू नये.’ टीव्ही सामान आहे की नाही, यावर गेटपाशी चर्चा झाली. सुहासिनीताईंचं मत पडलं, की जे माणूस बसून वापरतो ते फर्निचर, जे उभा राहून वापरतो ते यंत्र, आणि टीव्ही बसून वापरतात. ठवकर म्हणाले, की मी उभा राहून बघीन. त्यावर ताई म्हणाल्या, की मग एवढा मोठा कशाला घेतलात. वाद पुढे वाढला असता, पण खोकं तसंही लिफ्टच्या दारात मावत नव्हतं. लिफ्टची उंची कमी, आणि कर्णात घालावं तर दार आडवं येत होतं. भूमितीने आयुष्यात पहिल्यांदाच ठवकरांना दगा दिला. तीन मजले जिन्याने टीव्ही चढला आणि ठवकर मागून ‘सांभाळून, काच आहे’ म्हणत चढले. ते काहीच उचलत नव्हते, तरी सर्वांत जास्त धापा त्यांनाच लागल्या.

भिंतीला भोकं पाडायचा माणूस दुपारी दोनला आला. दोन ही वेळ सुखनिवासात ड्रिलची नव्हे, डुलकीची. तो परत गेला. दुसऱ्या दिवशी तो दहाला आला आणि त्याने उत्साहाने पहिलंच भोक पाडलं. ड्रिल जरा जास्तच सहज आत गेलं. पलीकडून आधी काही पडल्याचा आवाज आला, मग शांतता, मग दारावरची बेल. सुहासिनीताई दारात उभ्या होत्या. त्यांच्या पदरावर मोहरी होती.

“ज्ञानदेवराव,” त्या म्हणाल्या, “आपला टीव्ही आमच्या स्वयंपाकघरातून बघायचा बेत आहे का?”

ठवकर इतके ओशाळले, की त्यांनी स्वतः जाऊन ताईंच्या ओट्यावरची मोहरी वेचली. वेचता वेचता, नको नको म्हणताना, त्यांच्या तोंडून हिराबाईंच्या कार्यक्रमाची गोष्ट निघून गेली. ताई एकदम थांबल्या. आजवर हिराबाईंच्या स्वयंपाकाबद्दल त्यांचं एकच मत होतं, की छान असतो पण तिखट फार. वर्षानुवर्षं हिराबाईंनी पाठवलेली भाजी वाटीत तशीच्या तशी परत येई. आता त्या म्हणाल्या, की आमच्या पॅकेजात ते चॅनेल नाही, तेव्हा आम्ही आपल्याकडेच येऊ. ‘आम्ही’ म्हणजे किती जण, हे ठवकरांनी विचारलं नाही. चूक तिथेच झाली. संध्याकाळपर्यंत नोटीस बोर्डावर कागद लागला: खंडेनवमी, दुपारी चार, ठवकर यांचे घरी, सौ. हिराबाई यांचे दर्शन.

हिराबाईंनी तो कागद वाचला आणि त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

रेकॉर्डर म्हणजे केबलवाल्याचा नवा सेट-टॉप बॉक्स. त्याच्या पोटात कार्यक्रम साठवायची सोय होती. जुना बॉक्स केबलवाला बदल्यात घेऊन गेला. घरात दोन बॉक्स कशाला, एकात भागतं, असं ठवकरच त्याला समजावत होते. दिग्विजयने खाली येऊन चॅनेल लावून दिलं, टायमर लावून दिला. खंडेनवमी, चार वाजता, आपोआप रेकॉर्डिंग. ठवकरांनी हिराबाईंना बोलावून टायमरचा लाल ठिपका दाखवला. हिराबाईंनी पदराने बॉक्सवरची धूळ पुसली. बॉक्स नवा होता, धूळ नव्हतीच.

“नीट येईल ना हो?” त्यांनी विचारलं.

“आता काय राहिलंय बिघडायला?” ठवकर म्हणाले.

असं बोलायचं नसतं. पण माणूस बोलून जातो.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची, ही आपली रीत. ज्याच्यावर पोट भरतं ते त्या दिवशी पाटावर बसतं, त्याला हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल मिळतं आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत सुट्टी मिळते. तोवर त्याला हलवायचं नाही, वापरायचं नाही. ठवकर दरवर्षी शाळेतला फळ्यावरचा लाकडी कंपास घरी आणून मनोभावे पूजत. या वर्षी सुहासिनीताईंनी आदल्या दिवशी दारातूनच आठवण केली होती, की नवीन यंत्र आहे, खंडेनवमीला पूजा केल्याशिवाय त्यावर काही बघू नका. ठवकरांना ते पटलं. एवढा मोठा मुहूर्त, घरातली लक्ष्मी पडद्यावर येणार, तर ज्यातून ती येणार त्याला नुसतं कुंकूही लावायचं नाही म्हणजे काय?

सकाळी ते आंघोळ करून सोवळ्यात बसले. पाटावर लाकडी कंपास, स्कूटरची किल्ली, स्क्रू-ड्रायव्हर, कात्री, हिराबाईंची विळी आणि पळी. टीव्हीचं काय करावं? तो भिंतीवरून निघेना. ठवकरांनी विचार केला. टीव्ही म्हणजे नुसता चेहरा, बुद्धी सगळी त्या बॉक्समध्ये. तेव्हा चेहऱ्याला लांबून अक्षता टाकाव्यात आणि बुद्धीला पाटावर आणावं. त्यांनी हलक्या हाताने बॉक्सच्या सगळ्या वायरी काढल्या, बॉक्स पाटावर मांडला, ओल्या कुंकवाने त्यावर स्वस्तिक काढलं आणि वर ठसठशीत झेंडू ठेवला. हात जोडले. मन भरून आलं. हिराबाई त्या वेळी आत बेसन चाळत होत्या. बघणाऱ्यांना कार्यक्रमानंतर पाटोडी द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

पावणेचारला हॉल भरला. सोफा, दिवाण, सगळ्या खुर्च्या, घरचे-शेजारचे वेताचे मोढे, आणि उरलेले लोक सतरंजीवर. सुहासिनीताई मधोमध. दिग्विजयने रिमोट घेतला आणि बटण दाबलं. पडद्यावर एक ओळ आली, की सिग्नल नाही. त्याने वायर हातात धरली, वायरीमागे गेला, टीव्हीखालच्या मोकळ्या जागेशी पोचला, मग त्याची नजर हळूहळू देवघराकडे गेली.

“काका,” तो म्हणाला, “बॉक्स पूजेत बसलाय?”

हॉलमधल्या एकूण एक माणसाने पाटाकडे पाहिलं. झेंडूखाली रेकॉर्डर शांतपणे बसला होता. आपल्याला माहीत होतं, सकाळी वायरी आपणच काढल्या, आणि तरीही हे लक्षात कसं आलं नाही, हे ठवकरांना तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. पूजेच्या वेळी माणसाचं डोकं पूजेत असतं, एवढंच म्हणायचं.

कोणी म्हणालं, घ्या उचलून. तेवढ्यात सुहासिनीताईंच्या तोंडून निघून गेलं, की पूजेतलं हत्यार उत्तरपूजेआधी हलवत नाहीत. निघून गेलं, आणि त्यांना स्वतःलाच ते परत घेता येईना, कारण सेक्रेटरी म्हणून एकदा म्हटलेलं त्या सहसा मागे घेत नसत. मग सभा सुरू झाली. दुसऱ्या कोणाकडे जाऊन बघावं, तर ते चॅनेल सोसायटीत कोणाच्याच पॅकेजात नव्हतं. टीव्हीच पाटाजवळ नेला तर? तो भिंतीत पक्का होता, आणि त्यापायी आधीच एकदा मोहरी सांडली होती. वायरी पाटापर्यंत ओढल्या तर? वीतभर कमी पडत होत्या. पाट तसाच्या तसा, बॉक्ससकट सरकवला तर त्याला हलवणं म्हणतात की नाही? यावर दोन गट पडले. चार वाजले. भिंतीवरचा पासष्ट इंच काळा होता. दिग्विजयने सांगितल्याप्रमाणे, फार काळा.

ठवकर पाटाशेजारी बसून राहिले. पूजा मोडली तर अपशकुन, नाही मोडली तर बायको गेली. त्यांच्या डोळ्यांसमोर खलबत्ता आला.

स्वयंपाकघराच्या दारात हिराबाई उभ्या होत्या. हात बेसनाने भरलेला. किती वेळ उभ्या होत्या कोणास ठाऊक. त्या चार माणसांत कधी मोठ्याने बोलत नसत, म्हणून त्या बोलल्या तेव्हा लोक आपोआप गप्प झाले.

“सुहासिनीताई, विळीसुद्धा पाटावर होती सकाळी. पळीही होती. पूजा झाली नि मी दोन्ही उचलून आत नेली. नाहीतर दुपारी आम्ही जेवलो असतो कशाने? आमच्या हत्यारांना कधी सुट्टी असते का?”

पाटावर विळीची आणि पळीची जागा खरंच रिकामी होती. ती दिवसभर कोणाच्या लक्षात आली नव्हती, ठवकरांच्याही नाही. सुहासिनीताईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “उचला, ज्ञानदेवराव. बसलात काय?”

ठवकरांनी बॉक्स उचलला. नमस्कार करून, झेंडूसकट. दिग्विजयने वायरी जोडल्या. बॉक्स सुरू झाला आणि त्याने पडद्यावर एक गोल काढला. खाली अक्षरं आली, की बॉक्सला नवं काहीतरी शिकायचं आहे, कृपया वाट पाहा, वीज बंद करू नका. गोल फिरू लागला. खाली आकडा होता, एक टक्का. मग बराच वेळ एक टक्काच. मग दोन. लोक त्या गोलाकडे असे बघत होते, जणू कार्यक्रम तोच आहे. ठवकरांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, पण तिसऱ्या मजल्यावर धरणीचीही अडचण होते.

हिराबाई आत गेल्या. त्या रुसून गेल्या असं सगळ्यांना वाटलं. त्या परत आल्या त्या इंडक्शनची शेगडी घेऊन. त्यांनी ती टीपॉयवर, बरोबर टीव्हीच्या खाली, ठेवली. कढई ठेवली. तेल ओतलं.

“आता तिकडे मी फोडणी देत असेन,” त्या म्हणाल्या. “इकडेच बघा.”

आणि लोकांनी बघितलं. मोहरी तडतडली, लसूण लाल झाला, पाण्याला उकळी आली. बेसन एका हाताने भुरभुरत आणि दुसऱ्या हाताने घोटत राहायचं, हात थांबला की गुठळी झाली. हे सांगताना हिराबाईंचा आवाज आधी बारीक होता, मग कढईबरोबर मोकळा होत गेला. कोणी विचारलं बेसन किती, कोणी विचारलं पाणी किती. सुहासिनीताई सतरंजीवर उतरून पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, की तिखट एवढंच? मला वाटायचं तुम्ही मूठभर टाकता. हिराबाई म्हणाल्या, की तुम्ही कधी खाल्लीच नाहीत ना. ताई हसल्या. बाकीचे जरा घाबरले, मग तेही हसले. गोळा ताटात पडला, तेलाच्या हाताने थापला गेला, वरून खोबरं, खसखस, कोथिंबीर. सुरीने शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या पडल्या. ठवकरांनी मनातल्या मनात कर्ण तपासले. सगळे समान होते.

तेवढ्यात दिग्विजय ओरडला. गोल गेला होता. पडद्यावर रंग आले, आवाज आला, आणि भिंतभर हिराबाई आल्या. खालच्या हिराबाई आतून आणलेला तयार रस्सा वाढत होत्या, वरच्याही रस्साच वाढत होत्या. दिग्विजयने लाल बटण दाबलं. कार्यक्रमाची शेवटची तीन-चार मिनिटं उरली असतील. निवेदक मुलीने वडी रश्शात बुडवून खाल्ली, डोळे मोठे केले आणि विचारलं, की ताई, हे तुम्हाला आईने शिकवलं का?

“नाही, बाबांनी,” पडद्यावरच्या हिराबाई म्हणाल्या. “आई मी लहान असतानाच गेली. बाबा शिंपी. रोज मशीनवर असायचे, मीच कसंतरी रांधायची. पण खंडेनवमीला मशीन पूजेत असायची ना, ती चालवायची नाही. त्या दिवशी बाबा चुलीपाशी बसायचे. म्हणायचे, आज मशीनला सुट्टी आहे, तुलाही. दर खंडेनवमीला पाटोडी त्यांनीच केली. बघून बघून मी शिकले.”

खालच्या हिराबाईंच्या हातातली पळी रश्शातच राहिली. ठवकरांनी बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, कारण कधी विचारलं नव्हतं. मग पडद्यावर नावं धावली आणि कसल्याशा साबणाची जाहिरात लागली. त्या दिवशी सुहासिनीताईंनी वाटी दोनदा पुढे केली. डोळ्यांतून आणि नाकातून पाणी येत होतं, तरी दोनदा. ते पाणी तिखटाचंच आहे, असं त्यांनी न विचारता सगळ्यांना सांगितलं.

दिवाळीला कोंडीराम आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. लिफ्ट सोडून जिना का चढलात असं विचारलं, तर लिफ्टवरच्या पाटीचा हवाला देऊन ते म्हणाले, की मी सामान हावो का माणूस, हे कोनी सांगावं, म्हणून चढून आलो. ठवकरांनी त्यांना सोफ्यावर बसवलं, पडद्यापासून नऊ फूट, उशीला टेकून, आदर्श अंतरावर. म्हाताऱ्याने भिंतीकडे डोळे बारीक करून पाहिलं, उठले, मोढा उचलला, आणि पडद्यापासून हातभर अंतरावर जाऊन बसले. तिथून त्यांना बहुतेक हिराबाईंचा गालच दिसत असणार. ठवकरांनी इतके पेपर चिकटवले, इतके कर्ण मोजले, आणि हातभरावरून काय, जुना डागवाला टीव्हीही चालला असता. पण त्यांनी नुसता रिमोट उचलला. शिकत होते.

रेकॉर्डिंग लागलं. वडी बुडवली, डोळे मोठे झाले, आईने शिकवलं का, नाही, बाबांनी. कोंडीराम हलले नाहीत. साबणाची जाहिरात आली तरी बघत राहिले. मग म्हणाले, “परत लाव.” परत लावलं. पुन्हा म्हणाले, “परत लाव.” हिराबाई दारात उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

चौथ्यांदा लावताना ठवकरांना राहवेना. ते सासऱ्यांशेजारी जमिनीवर बसले आणि त्यांनी सगळं कबूल करून टाकलं. पूजा, पाट, वायरी, गोल. “बाबा, तुम्हाला सगळं दिसायला हवं होतं. पहिला भाग माझ्यामुळे गेला.”

म्हाताऱ्याने पडद्यावरून नजर काढली नाही. बॉक्सवरच्या पुसट स्वस्तिकावरून त्यांनी एकदा बोट फिरवलं.

“जाऊ द्या जावईबापू,” ते म्हणाले. “पयला भाग मले ठाऊक हाय. तो मीच त शिकवला.”